आत्याचा गोळ्यांचा डबा

माझ्या असोद्याच्या आत्याकडे ज्यावर कॅप्सूल नाही असा रोग अजून या पृथ्वीवर झालेला नाही, आणि पुढेमागे झालाच तर तो असोद्याचा फाटा ओलांडून गावात शिरायची हिंमत करणार नाही. बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा तिच्या कपाटात, लुगड्यांच्या घडीखाली असतो. त्यात गावातल्या निम्म्या आजारांची उरलेली औषधं आहेत. लोक आजाऱ्याला भेटायला जाताना पाव-बिस्किटं नेतात, आत्या रिकाम्या हाताने जाते आणि येताना काहीतरी घेऊन येते. "बरा झाला ना? मंग राह्यलेल्या गोया दे इकडे. कामी येतात," असं ती तापातून उठलेल्या माणसाला त्याच्या अंथरुणाशी बसून सांगते. देणाराही देतो, कारण तिला नाही म्हणण्यापेक्षा पुन्हा ताप आलेला परवडतो.

या डब्यातल्या अँटिबायोटिकवर आत्याचा जेवढा विश्वास आहे तेवढा तिचा देवावरही नसेल. कॅप्सूल गिळायची असते हे तिला मान्य आहे, पण ती उघडून आतली भुकटी टाकली की जास्त लवकर गुण येतो असं तिचं मत. शेजारच्या शेळीच्या खुरात काटा गेला, आत्याने भुकटी भरली. तुळशीवर मावा पडला, तिने कुंडीत दोन कॅप्सूल रिकाम्या केल्या. तुळस गेली, पण आत्या म्हणाली की आधीच द्यायला हवी होती. शेळी वाचली, त्यामुळे पुढची कैक वर्षं आमच्या नातेवाइकांत कुणाला खरचटलं की ते आधी आत्यापासून लपवायचे आणि मग धुवायचे.

अशा बाईच्या ताब्यात मी ताजे टाके घेऊन सापडले, त्याची ही हकिकत.

आमच्या घराण्यातल्या बायकांना केळीच्या बागेत वाटा मिळत नाही, छाती मात्र भरभरून मिळते. मी वर्गात शिरायची त्याच्या क्षणभर आधी माझी छाती शिरायची. खांद्यांवर पट्ट्यांचे चर पडले होते, मान दुखून दुखून मी फळ्यावर वरच्या ओळी लिहिणं सोडून दिलं होतं, आणि जळगावच्या मे महिन्यात अंगाची जी काय लाही व्हायची ती सभ्य भाषेत सांगता येणार नाही. शेवटी शाळेला सुट्टी लागल्यावर मी छाती कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं. नातेवाइकांत काय सांगायचं हा प्रश्न आमच्या ह्यांनी सोडवला. त्यांनी सगळ्यांना फोन करून 'मणक्याचं ऑपरेशन' असं जाहीर केलं. मान दुखत होतीच, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं. मणक्याचं म्हटल्यावर आत्या बसने निघाली आणि मांडीवर डबा घेऊन आली. दारातूनच तिने मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "मनका पुढून काहाडला का व?"

ह्यांनी तेव्हापासून दोन दिवस आत्यासमोर यायचं टाळलं.

मला वाटलं होतं, आता व्याख्यान होणार. देवाने दिलेलं कापून टाकतात का, वगैरे. पण आत्या त्यावर एक शब्द बोलली नाही. तिने फक्त औषधं कुठे आहेत ते विचारलं, आणि दुखणं थांबवायच्या दोनच गोळ्या पाहून ती हादरली. "येवढा घाव, न अँटिबायोटिक एक बी नही? पैसे कायचे घेतले मंग त्या डाक्टरनीनं?" मी सांगितलं की कापायच्या आधी शिरेतून एक इंजेक्शन दिलं होतं, या ऑपरेशनला बहुतेक तेवढं पुरतं, पुढे काही लक्षण दिसलं तरच गोळ्या. आत्याने डब्यावरून हात फिरवला. तिच्या मनात काय आहे ते मला स्वच्छ दिसलं आणि त्या दिवसापासून मी एक डोळा उघडा ठेवून झोपू लागले.

पहिल्या तपासणीला ती डॉक्टरीणबाईंशी भांडायलाच आली. डॉक्टरीणबाई मूळच्या धुळ्याच्या, त्यामुळे आत्याच्या लेखी त्यांची बाजू आधीच लंगडी होती. "आम्ही रोग याच्या आंधीच फवारा मारतो," आत्याने सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "मीही आधीच मारला, आत्या. पण मला सांगा, कपाशीवर तुम्ही तेच औषध रोज मारता का?" आत्या शेतीच्या प्रश्नाला चूक उत्तर देऊच शकत नाही. ती म्हणाली, "रोज कोन मारीन? अयीले सवय लागते मंग. मरत नही ती." बाईंनी तेच वाक्य अळीच्या जागी जंतू घालून परत म्हटलं. आपण आपल्याच तोंडाने हरलो हे आत्याच्या लक्षात आलं तेव्हा आम्ही रिक्षात होतो. "धुयाच्या मानसाले केयातलं काय कयते," एवढंच ती म्हणाली. केळीचा तिथे विषयही निघाला नव्हता.

पण हार मानेल ती आत्या कसली. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, पंखा थांबला आणि मला जाग आली. कपाटाच्या उघड्या दाराआडून डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला, मग कॅप्सूल मोडल्याचा. मी टाके सांभाळत उठून बसले. "आत्या, डबा ठेव. एक कणही माझ्या अंगाला लागला तर मी ह्यांना हाक मारीन," मी म्हणाले. ती वळली नाही. "तुह्यासाठी नही व," ती म्हणाली.

मी जाऊन पाहिलं. आत्याच्या पोलक्याची बटणं उघडी होती. एका हाताने तिने आपली छाती उचलून धरली होती आणि दुसऱ्या हाताने खाली भुकटी लावत होती. खालची सगळी कातडी लालभडक, ओली, जागोजाग सोललेली. माझंही दर उन्हाळ्यात लाल व्हायचं, पण असं कधी झालं नव्हतं. खांद्यांवरचे चर तर माझ्यापेक्षा खोल. कधीपासून, विचारलं तर म्हणाली, "तुह्या बापाचं लगन झालं त्याच्याबी आंधीपासून. उन्हायाचं होते." डॉक्टरला का नाही दाखवलं? "गावातला डॉक्टर पुरुष मानूस. त्याले काय सांगू, कुठी झालं?" म्हणून ती दुकानात 'घाव झाला' एवढंच सांगायची, आणि दुकानदार कॅप्सूल द्यायचा. मग लोकांच्या उरलेल्या मागायला लागली. एवढ्या गोळ्या कशाला, असं कुणी विचारू नये म्हणून शेळीलाही दिल्या आणि तुळशीलाही. ज्या डब्याला आम्ही पोट धरून हसलो, तो सगळा याच्यासाठी होता. मला रडू आलं, आणि ती मलाच ओरडली की टाके ताणतील.

पुढच्या तपासणीला माझ्याआधी तिचा नंबर लावला. बाईंनी पाहिलं आणि सांगितलं की ही बुरशी आहे, या भुकटीने ती जात नाही, उलट फावतं तिचं. मलम दिलं, कोरडं ठेवायला सांगितलं. आत्या मलमाची नळी उलटसुलट करून बघत राहिली. इतक्या उन्हाळ्यांचं औषध वाया गेलेलं पचवत असावी. बाई तिच्या गुडघ्यावर हात ठेवून आपल्या धुळ्याकडच्या बोलीत म्हणाल्या, "आत्या, बठ्ठं बरं व्हई जाई." बठ्ठं म्हणजे सगळं. मग आत्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "हिचं केलं तसं माह्यं व्हईन का?" साखर तपासली तर ती फारच वर. खाली आली तर बघू, बाई म्हणाल्या.

आत्याने केळी सोडली. घरच्या बागेत, घडांच्या राशीशेजारी बसून ही बाई कारल्याचा रस पिते, हे बघायला असोद्याची माणसं मुद्दाम चक्कर मारून जातात. पुरळ मलमाने गेलं. माझे टाके तर एकही जादा गोळी न घेता छान भरले, ते आपल्या देखरेखीमुळे असं ती सांगते. साखर मात्र हट्टी आहे. थोडी उतरते, पुन्हा चढते. आता वयही फार झालं, असं बाई मला एकटीला म्हणाल्या. मी ते आत्याला सांगितलेलं नाही. तिला बहुतेक कळलंय.

परत जाताना तिने मला एकच विचारलं होतं. "आता पोटावर निजता येईन का व तुले?" महिन्या-दीड महिन्याने येईल, मी म्हणाले. "मी निजे लहानपनी. गालाले फरशी गार लागे," ती म्हणाली आणि डबा काखेत मारून बसमध्ये चढली.

आता मी दुपारी शाळेतून आले की गार फरशीवर पालथी पडते. आत्याचा फोन बरोबर त्याच वेळी येतो. "निजली व्हती का? पोटावर?" ती विचारते. मी हो म्हणते.

"निज मंग," ती म्हणते आणि फोन ठेवते.