झबलं घातलेला मोडेम

केबलवाल्या बाईचा एक नियम होता. कोणाकडे इंटरनेट बंद पडलं म्हणून बोलावणं आलं, की आधी कशालाही हात लावायचा नाही. शिडी दाराशी टेकवायची, चपला काढायच्या, दिसेल त्यावर बसायचं आणि विचारायचं, "काय हललं?"

"काही नाही हो हललं, आपोआप बंद पडलं," असं लोक सांगत. ती नुसती हसायची. बावीस वर्षांच्या नोकरीत आपोआप बंद पडलेली वस्तू तिने एकही पाहिली नव्हती. कोणी कपाट सरकवलेलं असतं, कोणाच्या नातवाने वायरीची चव घेतलेली असते, नाहीतर घरातल्या हुशार माणसाने 'जरा साफ करतो' म्हणून सगळ्या वायरी उपटून उलट्यासुलट्या खोचलेल्या असतात. जगात हुशार माणसं नसती तर आपली नोकरी कधीच गेली असती, असं तिचं स्पष्ट मत होतं.

दुसरी गोष्ट पाढ्याची. मोडेम बंद करून एक मिनिट थांबा म्हटलं, तर कोणी थांबत नाही. दहापर्यंत मोजतात आणि मिनिट झालं म्हणून शपथ घेतात. म्हणून ती एकोणिसाचा पाढा म्हणायची. शाळेत तो तिला कधीच आला नव्हता. सातव्या पायरीवर हमखास अडायचा, की पुन्हा पहिल्यापासून. असा अडखळत पुरा झाला की मिनिट भरायचंच. ज्या पाढ्यापायी लहानपणी हातावर पट्ट्या खाल्ल्या, तोच आता पगाराला कामी येत होता.

एवढी वर्षं शिडी खांद्यावर घेऊन फिरली, पण तिचं नाव काय, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. दार उघडणारा आत वळून ओरडायचा, "केबलवाली आलीय गं!" लोकांच्या फोनमध्येही ती 'केबल' होती. एका घरी तर 'केबल दोन'. केबल एक कोण, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. ती या गोष्टीवर हसायची, पण कधीकधी घरी जाताना हसू येत नसे.

त्या दिवशी दुपारी साडेतीनला ती टेलरच्या घरी पोहोचली. बेल दाबली तर आवाज आलाच नाही. दाराच्या फटीतून लाल दिव्याची उघडझाप तेवढी दिसली आणि टेलरच्या बायकोने धावत येऊन दार उघडलं. नवरा-बायको दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बोलणं सगळं हातांनी. परक्या माणसाशी बोलायचं तर टेलर काळ्या कापडाच्या तुकड्यावर शिलाईच्या खडूने लिहायचा आणि ब्रशने झटकून टाकायचा. बायको समोरच्याचे ओठ वाचायची आणि नवऱ्याला हातांनी सांगायची. केबलवाली भरभर बोलू लागली की ती दोन्ही तळवे खाली दाबून 'हळू, हळू' म्हणायची.

शिलाई मशिनीशेजारी गादी ठोकलेली एक लाकडी पेटी होती. केबलवाली नियमाप्रमाणे तिच्यावर बसली आणि विचारलं, "दादा, कालपासून काय काय हललं?"

टेलरने लिहिलं, 'राऊटर. जुना मेला. नवा लावला. बाकी काही नाही.'

मग झटकून पुन्हा लिहिलं, 'लेकीला परवा मुलगी झाली. आज घरी आणली. पाचला दाखवणार.'

"अरे वा! अभिनंदन!" ती म्हणाली. "मग तोवर फोनवरच..." आणि तिने जीभ चावली. टेलरची बायको खळखळून हसली. ही चूक तिच्या ओळखीची होती.

मोबाईलवर चित्र दाखवायचं म्हटलं तर त्या गल्लीत ते पावलोपावली गोठायचं. आपल्याला चालतं, आवाज तरी येतो. त्यांचा हात अर्ध्यावर गोठला की वाक्यच अर्ध्यावर लटकायचं. शिवाय आजचं काम नुसतं बाळ बघण्याचं नव्हतं. टेलरने तीनदा कापड झटकून ते समजावलं. कागदावरचं नाव आईबाप ठेवतील. हातावरचं नाव मात्र आजोबाने ठेवायचं. हातांनी बोलणाऱ्यांत प्रत्येकाला असं एक नाव असतं, एक खूण, आणि ती माणसाला बघून, त्याची लकब ओळखूनच देतात. फोटो बघून देता येत नाही, फोटो हलत नाही. जावई बोटीवर कामाला. आज संध्याकाळी निघाला की तीन महिने दर्शन नाही. आपल्या मुलीला हाक कशी मारायची, हे त्याला निघण्याआधी कळायला हवं होतं.

"एवढंच ना?" केबलवाली म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे. वहिनी, चहा टाका."

हे वाक्य तिला पुढे सव्वा तास छळणार होतं.

दुखणं ओळखीचंच होतं. केबलचा मोडेम म्हणजे जुन्या वळणाचा दरवान. चालू झाल्यावर ज्या यंत्राचं तोंड पहिल्यांदा पाहिलं, त्यालाच ओळखणार. नवा राऊटर समोर उभा केला तर हा म्हणतो, तू कोण? त्याला जुनी ओळख विसरायला लावायची तर एकच उपाय: पूर्ण बंद करायचा, मिनिटभर थांबायचं, आणि नवा राऊटर जोडून पुन्हा जागा करायचा.

मोडेम फळीवर होता आणि त्याच्या अंगात चक्क झबलं होतं. निळं, आतून अस्तर, हवा खेळायला काजं, मागे तीन बटणं. टेलरच्या बायकोने अभिमानाने बटणं सोडून दाखवलं. आत चारही दिवे लागलेले, एक लुकलुकत होता. या घरात लुकलुकणारा दिवा म्हणजे दारात कोणीतरी आलंय. मोडेम नवीन होता तेव्हा ती दिवसातून चाळीस वेळा दार उघडून बघायची. शेवटी वैतागून तिने त्याला झाकून टाकलं. तिने बटणं पुन्हा लावली.

वायरींचीही तीच गत. टेलरला लोंबणारी वायर आणि निघालेला दोरा, दोन्हींचा तिटकारा. त्याने सगळ्या वायरींना मिळून एक कापडी बाही शिवली होती. ती फळीवरून निघून, मशिनीमागून जाऊन भिंतीतल्या बोर्डापाशी संपत होती, आणि तिथून एकच प्लग बाहेर आलेला. केबलवालीने मनात म्हटलं, सगळ्या गिऱ्हाइकांनी याच्याकडे शिकायला यावं.

तिने तो प्लग उपसला. नव्या राऊटरचा प्लग अजून बाहीबाहेरच होता, तोही काढला. पेटीवर बसून एकोणिसाचा पाढा म्हटला, सातव्या पायरीवर अडली, पुन्हा म्हटला. प्लग लावले. राऊटरवरचा इंटरनेटचा दिवा लाल तो लालच.

दुसऱ्यांदा तिने आधी सगळ्या वायरी तपासल्या. मोडेमची वायर राऊटरच्या बरोबर भोकात होती. मग प्लग काढून पाढा दोनदा म्हटला. दिवा लाल. चहा निवला.

सव्वाचार झाले. तिने प्लग पुन्हा काढून हातात धरला आणि ऑफिसात फोन लावला. "ताई, या लाईनवरचा मोडेम बघा जरा."

"चालू आहे की मावशी," ऑफिसातल्या ताई म्हणाल्या. "छान चालू आहे."

"कसा चालू असेल? प्लग माझ्या हातात आहे!"

"मला तर इथून चालू दिसतोय."

"तुमचा कॉम्प्युटर झोपलाय. उठवा त्याला," असं म्हणून तिने फोन ठेवला. बावीस वर्षांचा अनुभव असा कधीकधी माणसाच्या डोळ्यांवर बसतो.

टेलर आता काही लिहीत नव्हता. त्याने नवा शर्ट घातला होता आणि तो रिकाम्या टॅबलेटसमोर खुर्ची मांडून बसला होता. बायको केस विंचरून त्याच्या शेजारी उभी. दोघांनी केबलवालीला घाई केली नाही, एकदाही घड्याळाकडे बोट दाखवलं नाही, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला. दहा मिनिटं तिनेच सांगितली होती.

"थांबा, आता मेनच पाडते," ती म्हणाली आणि दाराजवळचा मोठा खटका खाली ओढला. पंखा थांबला. मशिनीचा दिवा विझला. ती पुन्हा पेटीवर येऊन बसली आणि डोळे मिटून पाढा सुरू केला. सातवी पायरी आली. अडली. डोळे उघडले.

दारावरचा लाल दिवा उघडझाप करत होता.

टेलरची बायको लगबगीने दाराकडे गेली. एक आजोबा आपली पँट न्यायला आले होते. केबलवाली मात्र त्या दिव्याकडे बघत राहिली. घरात वीज नाही, मेन आपणच पाडला, मग हा दिवा कोणाच्या जिवावर लागतोय?

"दादा!" तिने दिव्याकडे बोट दाखवलं आणि हात पसरून विचारलं, "कशावर?"

टेलरने सरळ तिच्याच दिशेने बोट केलं. तिने मागे पाहिलं. मागे भिंत होती. त्याने बोट जरा खाली केलं.

केबलवाली टुणकन उडाली.

गादी उचलली तर खाली बॅटरी. वीज गेली तरी दारावरचा दिवा चालावा म्हणून टेलरने ती इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतली होती. अशी बॅटरी वीज गेल्यावर शिट्टी वाजवते, पण या घरात ती ऐकणार कोण, म्हणून इलेक्ट्रिशियनने शिट्टीची वायर आधीच तोडली होती. टेलरचा चेहरा पडला. त्याने लिहिलं, 'मोडेम पण हिच्यावरच. मी जोडला. मागच्या वर्षी.' वायर बाहीत शिवून टाकल्यावर तो ते साफ विसरून गेला होता.

म्हणजे ती बोर्डातून प्लग उपसत होती, तो बॅटरीचा. मोडेम एक क्षणही विझला नव्हता. झबल्याच्या आत तो आरामात जागा होता, आणि ऑफिसातल्या ताई अगदी खरं सांगत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा बुडाखाली होता!

हसू तिला आधी आलं. मग टेलरच्या बायकोला. पँटवाल्या आजोबांना काहीच कळलं नव्हतं, पण तेही हसू लागले. टेलरने ब्लेडने बाहीची शिवण उसवली. केबलवालीने मोडेमची वायर बॅटरीतून काढली, टेलरच्या बायकोने झबल्याची बटणं सोडली आणि या वेळी सगळ्यांनी चारही दिवे विझताना आपल्या डोळ्यांनी पाहिले.

पाढा ती मोठ्याने म्हणाली. सातव्या पायरीवर अडली तेव्हा आजोबांनी आकडा सांगितला. तिने ऐकला आणि तरीही पहिल्यापासून सुरुवात केली. मिनिट ते मिनिट.

मग मेन वर केला. आधी मोडेम. एक, दोन, तीन, चार दिवे. मग राऊटर. लाल दिवा जरा घुटमळला आणि हिरवा झाला. पाचला नऊ मिनिटं होती. टेलरच्या बायकोने केबलवालीला अशी मिठी मारली की खिशातला स्क्रूड्रायव्हर दोघींना टोचला.

पाचला टॅबलेट उजळला. पलीकडे लेक, तिच्यामागे बॅग भरून उभा जावई, आणि लेकीच्या हातात एवढंसं बाळ. चारी बाजूंनी हात बोलू लागले. चित्र कुठेही अडलं नाही. केबलवालीला एक अक्षर कळत नव्हतं, पण ती शिडी उचलायचं विसरली.

टेलरने मात्र हात मांडीवर ठेवले होते. तो बाळाकडे नुसता बघत होता. बाळाने जांभई दिली. मग मूठ उघडली, एकदम नाही. करंगळी, तिच्याशेजारची, मधली, असं एकेक बोट, जणू आत कोणी आहे का ते बघत. टेलर पुढे झुकला. बाळाने मूठ मिटली आणि पुन्हा तशीच उघडली.

त्याने आपली मूठ गालाशी नेली आणि करंगळीपासून एकेक बोट उघडलं. बायकोने तसंच केलं. पलीकडे लेकीने केलं, तिचे डोळे भरून वाहत होते. जावयाने बॅग खाली ठेवली आणि दोनदा करून पाहिलं. नाव ठेवलं गेलं.

मग लेकीचं लक्ष मागे गेलं. ती बापाला काहीतरी विचारू लागली. केबलवालीला न सांगताही कळलं: ही कोण? तिने सवयीने आपल्या शिडीकडे बोट केलं.

टेलरने मान हलवली. क्षणभर विचार केला. मग डाव्या हाताची मूठ केली, तिच्यावर उजव्या हाताची दोन बोटं गुडघे मुडपून बसवली, आणि ती टुणकन उडवली.

लेक, जावई, बायको, तिघांनी एकदम ते नाव घेतलं, हसत हसत. केबलवालीने विचारलं, "हे मी?" टेलरच्या बायकोने ओठ वाचले आणि मान डोलावली. केबलवालीने मूठ केली, दोन बोटं बसवली, उडवली. ते चुकलं. टेलरने तिची बोटं धरून नीट बसवून दिली.

सहा वाजता ती पुढच्या घरी पोहोचली. बेल दाबली.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"केबलवाली," ती म्हणाली. शिडी धरलेल्या हाताच्या मुठीवर तिची दोन बोटं बसली आणि टुणकन उडाली.