ज्यानं लिंपलं, त्यानंच उघडायचं

सौंसरजवळच्या आमच्या फाउंड्रीत एक रीत हाय. भट्टीचं दार ज्यानं मातीनं लिंपलं, त्यानंच ते उघडायचं, अन् तोवर गाव सोडायचं नाही. कुठं भेग पडली, कुठून हवा शिरून राहिली, हे लिंपणाऱ्यालेच कळते म्हणे. अन् लिंपणारा मी एकटा.

आम्ही नळाचे जोड ओततो. साच्यातून निघालेलं बिडाचं लोखंड काचेसारखं, हातोडी लागली का तुकडे. भट्टीत आठवडाभर तापवून हळूहळू थंड केलं, तवा कुठं ते चिवट होते. म्हणजे आठवडाभर मी खुट्याले बांधलेला. तिकडे पांढुर्ण्याले बाप लकव्यानं पडलेला. न्हाव्याले गालाले हात लावू देत नाही. "दाढी माह्या पोराच्याच हातची," म्हणते. मी जावो तवा तोंडावर जंगल माजलेलं असे. मले त्याचा रागही ये अन् रडूही.

एकदा बायकोजवळ कुरकुरलो, तं म्हणे, "डाळ लवकर शिजवाची तं आधी भिजू घालावं लागते. तुमीबी भिजवा तुमचं लोखंड!"

हसलो, पण डोक्यात किडा वळवळला. इंजिनिअर साहेबाले विचारलं. ते म्हणाले, असं करतात खरंच. ओतताना चिमूटभर बोरॉन टाकाचं, अन् मोठ्या आचेआधी माल काही तास मंद आचेवर ठेवाचा. मंग मी त्यांच्या मागंच लागलो. किती माल वाया गेला, मालकानं किती शिव्या घातल्या! शेवटी एका जोडावर हातोडी हाणली, तं तो वाकला, फुटला नाही. अरे बाप्पा! आठवड्याचं काम दोन दिवसांवर आलं. मी बापासाठी नव्या ब्लेडी घेतल्या.

मालकानं पेढे वाटले अन् म्हणाले, "आता हप्त्यात तीन भट्ट्या लावू." हात दाखवून अवलक्षण! आधी दोन भट्ट्यांच्या मधात एखादा दिवस तरी सुटत होता. आता सकाळी दार उघडतो, दिवसभर माल काढतो-भरतो अन् संध्याकाळी तेच दार लिंपतो. ब्लेडी खिशातच हायेत.

परवा बाबाचा फोन आला, तवा मी लिंपूनच राहिलो होतो. फोन खांद्यात दाबला.

"भट्टी लवकर होते म्हणे आता?" बाबाची जीभ जड झाली हाय.

"हो बाबा."

"मंग तू काऊन नाही येऊन राहिला?"

मी मातीचा आणखी एक गोळा दारावर थापला. शेवटी बाबानंच विचारलं,

"बोलावू का मंग न्हाव्याले?"

मी हो म्हटलं, अन् राहिलेली फट लिंपून टाकली.