अनंता तांबटाच्या अंगावरचे डाग

सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत पुण्याच्या तांबट आळीत अनंता तांबट राहत असे. त्यानं ठोकलेली घंगाळी आणि हंडे शहरभर जात. सत्तरी उलटली तसं त्याच्या अंगावरचं मांस झडलं. दंडांची आणि नडग्यांची कातडी दुधावरच्या सायीसारखी झाली. बोट टेकलं की सुरकुतायची, जरा ओढली की फाटायची. बाराबंदीची गाठ घासली तरी जांभळा डाग उठे आणि कितीतरी दिवस जात नसे. बायको कधीच वारली होती. मुलगा माधव दिवसभर भट्टीपाशी. म्हाताऱ्याचं सगळं सून सगुणाच करी.

आधी ती चारचौघींसारखं तेल चोळायची, पण त्यानं डाग वाढले. मग तिनं चोळणं सोडलं. तिळाचं तेल कोमट करून जुन्या मलमलीच्या बोळ्यानं ती नुसतं टिपायची. उचलताना दंडाला धरायची नाही. पाठीखालून धोतर सरकवून त्याच्यासकट उठवायची. एकदा तिच्या बांगडीनं सासऱ्याच्या मनगटाची कातडी सोलून निघाली. काचेच्या बांगड्या काही रोज उतरवता-चढवता येत नाहीत. सगुणेनं हाताला तेल लावून त्या काढल्या आणि मनगटांना हळदीचा दोरा बांधला. माधवला ते रुचलं नाही. पण बापाचं करायला दुसरं कोण होतं? बाहेर जाताना पदर हातावर ओढून घे, एवढंच तो म्हणाला.

त्या दिवाळीत भवानी पेठेतली नणंद गोदावरी भाऊबीजेला आली. बाळंतपणामुळे तिचं वर्षभर येणं झालं नव्हतं. बापाला ओवाळताना तिला त्याच्या दंडांवरचे डाग दिसले, आणि मग वहिनीचे मोकळे हात दिसले. तिनं बापाला एकट्याला गाठून विचारलं, तुम्हाला मारतं कोण? कुणी नाही, असं तो म्हणाला. तो भिऊन बोलतोय, असंच तिनं धरलं.

बोभाटा झाला आणि जातीची पंचायत बसली. नवरा जिवंत असताना हात मोकळे ठेवणारी बाई सासऱ्याला मारत नसेल कशावरून, असं बोललं गेलं. अनंताला चौघांनी घोंगडीवर घालून आणलं.

"माझी सून मला मारत नाही," तो म्हणाला. "माझं अंगच असं झालंय."

एक पंच शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे, म्हातारबा. जेवण तिच्याच हातचं आहे ना?"

मग माधवला विचारलं. त्याला सगळं ठाऊक होतं. तेल कोमट करताना, धोतर सरकवताना त्यानं बायकोला रोज पाहिलं होतं. तो खाली बघत म्हणाला, मी दिवसभर भट्टीवर असतो, घरात काय चालतं ते मला दिसत नाही. सगुणा त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं मान वर केली नाही.

सगुणेनं मांजरी गावी भावाकडे जावं, माधवला दुसरं लग्न करायला मोकळीक, आणि म्हातारा लेकीकडे, असा निवाडा झाला. निघताना सगुणा नणंदेपाशी थांबली. "वन्सं, दंडाला धरून उचलू नका." गोदावरीनं तोंड फिरवलं.

गोदावरीचं बापावर प्रेम होतं. ती त्याला दंडाला धरूनच उठवायची, जोर लावून तेल चोळायची. एका सकाळी त्याच्या दंडावर तिला चार बोटं उमटलेली दिसली. तिनं त्यांवर आपली बोटं ठेवून पाहिली. तिचीच होती. त्या दिवशी ती जेवली नाही. पण लाजेनं कुणाला काही बोललीही नाही. त्या लाजेतच महिना गेला, आणि पडून पडून म्हाताऱ्याची पाठ फुटली, जखमा झाल्या.

तेव्हा कुठे ती बैलगाडी करून मांजरीला गेली. सगुणेचा भाऊ फुटकी भांडी सांधून देई आणि ती त्याचा भाता ओढत बसली होती. गोदावरी म्हणाली, "चूक माझी झाली."

सगुणेनं विचारलं, "पाठ फुटली का?"

गोदावरीनं मान डोलावली. सगुणा उठून गाडीत बसली.

तिनं म्हाताऱ्याखाली केळीची पानं अंथरली, कडुलिंबाच्या पाण्यानं जखमा धुतल्या, त्याची कूस बदलत राहिली. आवाजावरून त्यानं तिला ओळखलं. पण जखमा हाडापर्यंत गेल्या होत्या. चैत्र लागायच्या आत तो गेला.

गोदावरीनं पंचांपुढे जाऊन आपली चूक सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. माधवचं दुसरं लग्न झालं होतं. आता हे उकरून काय मिळणार, असं ते म्हणाले. तेराव्याला माधव आला, पानावर बसला, जेवून निघून गेला.

गोदावरीनं सगुणेला आपल्याकडेच राहायची गळ घातली.

"नको," सगुणा म्हणाली. "रोज तुमचं तोंड बघवणार नाही मला."

मांजरीला ती पुढे बरीच वर्षं जगली. भाता ओढी, भावजयीचं बोलणं ऐकून घेई. पुण्याहून कुणी भांडं घेऊन आलं की उठून आत जाई, आणि ते माणूस गेल्यावरच बाहेर येई.