डावीकडून येणारी विमानं

नवऱ्याने मुलीच्या वाढदिवसाला गेमचा डबा आणला, तेव्हा मी आकाशपाताळ एक केलं होतं. घरात आधीच टीव्ही, त्यात मोबाइल, आणि आता वर हे! दोन दिवस मी त्या डब्याशी आणि नवऱ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मुलीने माझ्या हातात ते रिमोटसारखं यंत्र कोंबलं आणि म्हणाली, "आई, एकदाच खेळून बघ, मग ओरड."

मी गाडीचा गेम लावला आणि तोंडाचा आ तसाच राहिला. ओला रस्ता, रस्त्यावर आपल्याच दिव्यांचा उजेड, काचेवर पाणी. वळण आलं की मी सोफ्यावर सगळी एका अंगाला कलायची. मग दुसरा एक गेम, त्यात माणूस एका शहरात हिंडत होता. तो कड्यावरून पडून मेला आणि क्षणात कपडे झटकत उठला. मी मुलीला म्हटलं, "अगं, हा मेला ना आत्ता?" ती म्हणाली, "मग काय झालं?" मला हे काही पटेना. आमच्या वेळी मरण म्हणजे मरण होतं. तीन विमानं मिळायची. ती संपली की मशीन दहापासून उलटे आकडे मोजत आणखी एक रुपया मागायचं, आणि तो नसला की मुकाट घरी जायचं.

त्याच डब्यात जुन्या खेळांचं एक कपाटच निघालं. आणि त्यात ते विमानांचं! खाली आपलं एकुलतं एक विमान, वरून शत्रूची रांगच्या रांग. मी इतक्या जोरात किंचाळले की आतल्या खोलीतून अप्पा, माझे वडील, धावत आले. पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आयला, हे अजून हाय?"

हे समजायला ओझरची गोष्ट सांगायला हवी. अप्पा विमानाच्या कारखान्यात होते आणि आम्ही तिथल्याच वसाहतीत राहायचो. बाजारात सायकलच्या दुकानामागे पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ गेम पार्लर होतं. आत कोंदट अंधार, पोरांच्या शिव्या आणि मशीनचा कर्कश आवाज. मुली तिथे जात नसत. मी जायची, दप्तरासकट. त्या काळात माझ्या नावाने वसाहतीतल्या बायका बोटं मोडायच्या आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

एका संध्याकाळी मी अशीच विमानं पाडण्यात गर्क होते आणि खांद्यावर हात पडला. मागे अप्पा. कारखान्याच्या निळ्या कपड्यांत, हातात जेवणाचा डबा. आता सगळ्यांसमोर थोबाडीत बसणार, एवढं एकच डोक्यात होतं. पण अप्पा माझ्याकडे बघतच नव्हते. ते पडद्यावर कोसळणाऱ्या विमानांकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा असा की कुणी त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या खात्यात तोडफोड करतंय.

"एक इमान उभं करायला आमचे हात झिजतात," ते म्हणाले, "आणि तू लय सोप्पं पाडतीस गं."

मग त्यांनी खिशातून रुपया काढला, मला बाजूला केलं आणि स्वतः दांडी धरली. मारलं असतं तरी एवढा धक्का बसला नसता. त्याहून मोठा धक्का म्हणजे त्यांनी गोळ्यांच्या बटणाला बोटच लावलं नाही. भरल्या बाजारातून दुधाची किटली घेऊन जावं तसं ते आपलं विमान घेऊन निघाले. डावीकडून गोळी आली की उजवीकडे, उजवीकडून आली की डावीकडे, थेंबभर सांडू न देता. पोरं भोवती गोळा झाली. "काका, बटण दाबा ना, बटण!" असा एकच गिल्ला.

"कशाला? त्यांनी माझं काय केलंय?" अप्पा म्हणाले.

तर असे अप्पा. कारखान्याची शिस्त त्यांनी घरातही आणली होती. तिथे प्रत्येक हत्याराला फळीवर त्याच्याच आकाराची रंगवलेली जागा असायची. पाळी संपताना एखादी जागा रिकामी दिसली की कुणी घरी जायचं नाही, कारण हरवलेला पाना विमानाच्या पोटात राहिलेला असू शकतो. आणि जो भाग खराब निघेल त्याला लाल चिठ्ठी. चिठ्ठी लागली की त्याला कुणी हात लावायचा नाही. घरी चिठ्ठीऐवजी आईच्या जुन्या लाल साडीची चिंधी असायची. मिक्सर बिघडला, बांध चिंधी. शिडीची पायरी हलली, बांध चिंधी. ज्याने बांधली त्यानेच दुरुस्तीनंतर सोडायची. आई वैतागायची, पण चिंधी बांधलेल्या वस्तूला हात लावायची तिचीही छाती नव्हती.

आई गेल्यावर अप्पा नाशिकला आमच्याकडे राहायला आले आणि आल्या आल्या त्यांनी एक ड्युटी स्वतःहून मागून घेतली. नातीला स्कूटरवरून शाळेत सोडायचं आणि आणायचं. रोज सकाळी स्कूटर पुसायची, टायर दाबून बघायचं, ब्रेक तपासायचा, नातीच्या हेल्मेटचा पट्टा स्वतः लावायचा, आणि मगच किल्ली फिरवायची. आमच्या सोसायटीत त्या दोघांच्या निघण्यावर लोक घड्याळं लावत. ती स्कूटर होती म्हणून अप्पा आमच्या घरात पाहुणे नव्हते.

त्या रविवारी दुपारी आजोबा आणि नात विमानांचा गेम खेळत बसले होते. दिंडोरीहून द्राक्षं आली होती, ती मी धुऊन वाडग्यात घालून आणली आणि अप्पांच्या गुडघ्याशी ठेवली. अप्पा अजूनही गोळी झाडत नव्हते. फक्त आता ते पटापट मरत होते. मुलगी खदाखदा हसत होती. "आजोबा बटण दाबत नाहीत म्हणून मरतात!" ते गोळी झाडत नाहीत हा आमच्या घरातला जुना विनोद, त्यामुळे मीही हसले, नवराही हसला. अप्पाही हसत होते.

पण मी ते पार्लर पाहिलेलं होतं. न झाडताही हा माणूस मरत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी जरा नीट बघायला लागले. उजवीकडून विमान आलं, अप्पा सफाईने सरकले. पुन्हा उजवीकडून, पुन्हा सरकले. मग डावीकडून एक आलं. चांगलं मोठं, सावकाश येणारं. अप्पा हललेसुद्धा नाहीत. ते येऊन धडकलं तेव्हा ते दचकले, जणू ते आकाशातून नाही, भिंतीतून निघालं होतं.

"हे कुठून आलं?" ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, "द्राक्षं आणणार होतीस ना गं?"

वाडगा त्यांच्या डाव्या गुडघ्याला टेकलेला होता.

मी वाडगा उचलून उजवीकडे ठेवला. त्यांनी लगेच एक द्राक्ष तोंडात टाकलं आणि म्हणाले, "गोड हायेत."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. कितीतरी दिवस अप्पांच्या ताटात चटणी, लिंबू, कोशिंबीर तशीच राहत होती. मला वाटायचं, रक्तदाबामुळे तिखट-मीठ सोडलं, आणि मी शेजारणीला कौतुकाने सांगायची की बघा, या वयात केवढा संयम. ताटात हे सगळं डाव्या बाजूला वाढतात! स्कूटरचा डावा आरसा फुटला होता. डाव्या अंगाला ओरखडे होते. आम्ही सगळ्यांनी मिळून पार्किंगच्या खांबाला आणि रिक्षावाल्यांना शिव्या घातल्या होत्या. आणि त्या स्कूटरवर, त्या माणसाच्या पाठीला बिलगून, माझी मुलगी रोज गंगापूर रोडच्या गर्दीतून जात होती. मला ओरडायचं होतं आणि कुणावर ओरडावं ते कळत नव्हतं.

अप्पांना हे सांगायचं धैर्य मला झालं नाही. दुसरा बाप असता तर सांगितलंही असतं, पण या माणसाने उभ्या आयुष्यात दुसऱ्यांच्या चुका तपासल्या होत्या. मग मी बावळटासारखा सोपा मार्ग काढला. स्कूटरची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. सोमवारी किल्ली सापडणार नाही, मी मुलीला रिक्षाने नेईन, पुढचं पुढे.

सोमवारी सकाळी किल्लीचा खिळा रिकामा दिसला आणि अप्पा दारात आडवे उभे राहिले.

"किल्ली सापडल्याबिगर कोणी भायेर जायचं नाय."

"अप्पा, सापडेल नंतर. तिला उशीर होतोय."

"हरवलेली वस्तू कुठंतरी असतीच. कुणाच्या तरी जिवावर बेतती. सोधा."

नवऱ्याने सोफा ओढला, मुलगी पलंगाखाली शिरली, अप्पा स्वतः चपलांचं कपाट उपसायला लागले. मीच लपवलेली किल्ली मीही शोधत होते! शेवटी मला ते सहन होईना. मी पिठाच्या डब्यात हात घातला आणि पांढरी झालेली किल्ली त्यांच्यासमोर धरली.

"मी लपवली. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही, अप्पा."

ते इतके संतापले की क्षणभर मला पार्लरमधली राहिलेली थोबाडीत आज बसणार असं वाटलं. "मला दिसत नाय? मला?" मी विमानांचं सांगितलं. द्राक्षांचं सांगितलं. चटणीचं, आरशाचं सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांचा आवाज खाली येत गेला. शेवटी एवढंच म्हणाले, "तुझ्या बोलण्यावर नाय. तपासणी होऊ दे."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एक मशीन होतं. पांढऱ्या मोठ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आणि कुठेही दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं.

"हा बी गेमच की," अप्पा म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा मी त्यांना बटण दाबताना पाहिलं. उजवीकडे दिवा लागला की टक्. पुन्हा टक्. डावीकडे दिवे लागत होते, विझत होते, आणि अप्पांचं बोट स्वस्थ होतं. बाजूच्या पडद्यावर मला ते सगळं दिसत होतं. एक डोळा झाला, दुसरा झाला, दोन्हींत तेच. मनातल्या मनात मी पोरांसारखी ओरडत होते, दाबा ना अप्पा, बटण दाबा.

मग डोक्याचा फोटो काढला. डोळे ठणठणीत होते. मेंदूच्या मागच्या भागात कधीतरी एक छोटा झटका येऊन गेला होता आणि जाताना डावी बाजू घेऊन गेला होता. अशा माणसाला स्वतःला कळत नाही, डॉक्टर म्हणाले, कारण त्याला तिथे अंधारही दिसत नाही, काहीच दिसत नाही. थोडं सुधारेल कदाचित. गाडी मात्र बंद.

येताना रिक्षात, घर जवळ आलं तेव्हा अप्पा बाहेर बघत म्हणाले, "ती माझ्या मागं बसायची गं." मला रडू फुटलं. ते रडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पार्किंगमध्ये उतरले तेव्हा अप्पा तिथेच होते. स्कूटर नेहमीसारखी पुसलेली, टायर तपासलेले. हँडलला लाल चिंधी असणार असं मी मनाशी धरूनच आले होते. हँडल मोकळं होतं. चिंधी अप्पांच्या सदऱ्याच्या बटणाला बांधलेली होती.

"अप्पा, हे काय?"

"गाडीला काय बी झालं नाय. जे खराब निघंल त्यालाच बांधायची आसती." आणि त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मुलगी हेल्मेट घालून त्यांच्याजवळ गेली. रोजच्यासारखा पट्टा लावून घ्यायला हनुवटी वर करून उभी राहिली. अप्पांनी समोर पाहिलं, उजवीकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं.

"आणि पोरगी कुठं राहिली?" त्यांनी मला विचारलं.

ती त्यांच्या डाव्या हाताशी उभी होती.