दिवसा लागलेलं दार

आमच्या चाळीत दिवसा दार लागायचं ते एकाच कारणासाठी: घरातली माणसं गावाला गेली की. एरवी सकाळी कडी निघाली की निजेपर्यंत दार सताड उघडं. कोणाकडे काय शिजतंय, कोण रुसलंय, कोणाचं पोर नापास झालंय, हे साऱ्या मजल्याला ठाऊक. याचा वीट यायचाच. बाबांना तर फार यायचा. संपात त्यांची गिरणी गेली ती गेलीच, आणि दिवसभर घरात बसलेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसायचा. कामाचं काही झालं का, हा एकच प्रश्न दहा तोंडांनी ऐकून त्यांचं डोकं उठायचं. मग मरोळला एका कारखान्यात त्यांना काम मिळालं, आणि मिळाल्याबरोबर त्यांनी चाळीतली खोली देऊन टाकून बोरिवलीला, पूर्वेला पार आत, स्वस्तातला ब्लॉक घेतला.

ब्लॉक हा शब्द ते छाती पुढे काढून उच्चारायचे. प्रत्यक्षात ती एक खोली आणि एक स्वयंपाकघर होतं, तिसऱ्या मजल्यावर. पाणी तिथवर चढायचं नाही, ते खालून भरून आणावं लागे. इमारतीपुढे रस्ता नव्हता, भातखाचरात भराव टाकून केलेली एक वाट होती, आणि पावसाळ्यात चपला हातात घेऊन ती पार करावी लागे. डॉक्टर स्टेशनजवळ, बाजार स्टेशनजवळ, आणि बस तिच्या मनाला येईल तेव्हा. स्वस्त का, ते आठवड्यातच कळलं. पण संडास घरात होता, नि त्या एका सुखावर बाबा बाकी सगळं माफ करत.

दाराला त्यांनी स्वतः हौसेने पितळी लॅच बसवलं. दार ओढलं की आपोआप लागायचं आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडायचं नाही. पाहुणा आला की बाबा त्याला ते दोनदा लावून-उघडून दाखवत.

आजी, म्हणजे बाबांची आई, आमच्याबरोबर होती. तिची डावी बाजू लुळी पडली होती. चाळीत तिची खाट दाराशीच असायची. जाता-येता कोणी तिला पाणी द्यायचं, कोणी कूस बदलून द्यायचं, कोणी नुसतंच भांडून जायचं. त्या दारानेच तिला जगवलं होतं असं मी म्हणेन. इथेही आईने खाट दाराजवळच टाकली. पण दार बंद. रोज दुपारी आजी तिकडे बघत विचारायची, "दार कित्याक लावलंस गो? गावाक चललव काय आपण?" आई पहिल्यांदा हसायची, मग समजावायची, मग नुसतं नाही म्हणायची.

आईला ती इमारत सोसत नव्हती. समोरच्या दारात एक जोडपं राहायचं. आम्ही येऊन दोन-तीन महिने झाले तरी त्या बाईचा चेहरा आम्ही धड पाहिला नव्हता. त्यांच्या दाराला काचेचा डोळा होता. आपण जिन्यात उभं राहिलो की तो क्षणभर काळा व्हायचा, म्हणजे आतून कोणीतरी बघतंय. आईने ठरवलं की आपणच पुढे व्हायचं. तिच्याजवळ ओळख करून घ्यायची एकच रीत होती, काहीतरी करून झाकून न्यायचं.

त्या दिवशी तिने घावणे केले. ताटलीत चार घावणे, वाटीत नारळाचा रस, वर फडकं. स्टोव्हवर डाळ ठेवली होती. दोन पावलांवर समोरचं दार, त्यासाठी किल्ली कशाला घ्यायची? चाळीत जन्म काढलेल्या बाईच्या ते मनातही येणार नाही. तिने आपलं दार उघडं टाकलं, समोर जाऊन बेल दाबली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून वारा आला, तो त्या उघड्या माळावरून नेहमीच यायचा, आणि दार आपटलं. लॅच लागलं.

मी शाळेतून आले तेव्हा आई दोन्ही हातांनी आमचं दार बडवत होती. ताटली समोरच्या दाराशी जमिनीवर ठेवलेली. फटीतून करपलेल्या डाळीचा वास येत होता, नि त्यात आणखी काहीतरी जळत होतं. स्टोव्हजवळ वाळत घातलेल्या कपड्याने पेट घेतला होता, हे नंतर कळलं. आई ओरडून हाका मारत होती. समोरचा डोळा काळा होता. वरच्या मजल्यावर एक दार साखळीपुरतं उघडलं, एका बाईने वॉचमनला सांगा म्हणून सांगितलं आणि ते लागलं. वॉचमन त्या इमारतीला नव्हताच.

आत आजी खोकत होती. खाटेवरून ती खाली घसरली होती. आवाज अगदी दाराच्या तळाशी येत होता.

"आई, ती पितळेची कळ फिरवा," आई दाराला तोंड लावून म्हणाली.

"खयची गो? ही?"

आईला आतलं काय दिसणार? तरी ती म्हणाली, "हो, तीच."

खट् असा आवाज झाला. आईने सगळं अंग टाकून दार ढकललं. ते हललं नाही. बसल्या जागेवरून आजीचा हात लॅचपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. खाली एक बोल्ट होता, तोच तिने सरकवला होता. उघडतोय असं समजून तिने तो लावला होता.

मी शेजारच्या बांधकामावर धावले आणि तिथल्या सुताराला हाताला धरून आणलं. नुसतं लॅच असतं तर पट्टी घालून काढलं असतं, तो म्हणाला, पण आता तोडावंच लागेल. तो तोडत होता तोवर आतला खोकला थांबला. फळी निघाली तेव्हा आजी दाराला टेकूनच होती, हात बोल्टवर. श्वास चालू होता. रिक्षा मिळायला स्टेशनच्या रस्त्यापर्यंत जावं लागलं. हॉस्पिटलमध्ये तिने दोन रात्री काढल्या, बोलली मात्र नाही.

खांदा द्यायला चाळीतली माणसं आली. एवढ्या लांब, त्या चिखलातून. आमच्या जिन्यातली दारं तेव्हाही बंदच होती. लॅच बाबांनी आणलं होतं, घावणे आईने केले होते, आणि दोघांनी एकमेकांना त्याबद्दल एक शब्द विचारला नाही, कधीच. भांडले असते तर बरं झालं असतं.

सगळं आटोपल्यावर समोरची बाई आमची ताटली घेऊन आली. घासूनपुसून आणलेली, आणि रिकामी परत देऊ नये म्हणून वर मूठभर साखर. ती जेमतेम विशीतली होती. नवऱ्याने ताकीद दिली होती, म्हणाली, की मी नसताना कोणालाही दार उघडायचं नाही. "मी सगळं बघत होते हो," एवढं म्हणून ती रडायला लागली. मला तिचा संताप आला, अजूनही येतो, आणि तिची दयाही येते. आईने ताटली घेतली. तिला आत ये म्हणाली नाही.

नव्या दारालाही बाबांनी लॅचच लावलं, आणि जोडीला काचेचा डोळा. किल्ली आईने सेफ्टी पिनेला अडकवून मंगळसूत्रात घातली. आंघोळीलाही ती काढत नसे.

पुढच्या वर्षी श्रावणात एका दुपारी बेल वाजली. मी उठले तर आईने माझा दंड धरला आणि स्वतः डोळ्याला डोळा लावला. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग मी बघितलं. वरच्या मजल्यावर नवीन आलेली एक बाई होती, हातात फडक्याने झाकलेली वाटी. तिने पुन्हा बेल दाबली. आईने ओठांवर बोट ठेवलं.

"उघडू नकोस," ती कुजबुजली. "गावाला गेलोय समजेल ती."

बाहेर ती बाई थोडा वेळ थांबली आणि वर निघून गेली.