ह्यांच्या कॉम्प्युटरची चेष्टा

मंडळी, काल आपल्या जुन्या कॉम्प्युटरांच्या ग्रुपवर कुणीतरी ठासून लिहिलं की कॅसेटवाली मॉडेल्स भरवशाची नव्हतीच, ठेवायची तर फ्लॉपीवाली ठेवा. वाचून डोकं फिरलं. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि नव्या फ्लॅटमध्ये जागा एकाचीच आहे.

म्हणून आज दोन्ही लावून पाहिले. माझा फ्लॉपीवाला बटण दाबताच सुरू झाला. ह्यांचा कॅसेटवाला गप्पच. हे गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. मी चिडून आत निघून गेले.

दुपारी सून माझ्या खोलीत आली. “आई, मी सकाळपासून बाबांच्या कॉम्प्युटरची चेष्टा करतेय.”

“लाज नाही वाटत? गेलेल्या माणसाच्या वस्तूची?”

ती भांबावली. हातात स्पिरिटचा बोळा, बोटं काळीकुट्ट. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुजरातेतल्या हजिऱ्यात, हिंदी शाळेत शिकलेली पोर ती. तिची चेष्टा म्हणजे प्रयत्न.

“माफ कर गं,” म्हटलं आणि तिच्याशेजारी बसले.

तो अजून सुरू झालेला नाही. तुमच्यापैकी कुणाला माझा फ्लॉपीवाला हवाय का? तो कुणाच्याही हाताने सुरू होईल. ह्यांच्या कॉम्प्युटरला मात्र आम्ही दोघी लागणार.