आमच्या हातचं पाणी

पप्पा झाशीजवळच्या बबीना छावणीत जवानांच्या मेसमध्ये ठेकेदाराचे स्वयंपाकी होते. एके दिवशी डाळीचं मोठं पातेलं चुलीवरून उतरवताना त्यांच्या पाठीत काहीतरी तुटलं. दुसऱ्या दिवशी तेच पातेलं दुसऱ्या कुणीतरी उतरवलं. ठेकेदाराचं काम थांबलं नाही, आमचं थांबलं. आम्ही झाशीला आलो, बरुआसागरच्या बस थांबतात त्या रस्त्यावरच्या एका खोलीत. आई इस्पितळात आया म्हणून लागली, पप्पा खाटेला लागले. मला शिक्षणातून काढायचं नाही, या एका गोष्टीवरून मात्र त्या दोघांचं कधी भांडण झालं नाही.

पैशांची चणचण होतीच, पण पाण्याची जास्त. टँकर एक दिवसाआड यायचा. आमचे डबे रांगेत पुढे ठेवले तरी पाइप सुरू होईपर्यंत मागे गेलेले असत. "आपका बाद में, भाभीजी." आवाज गोड आणि डबा मागे. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. आमच्या पणजोबांना गावच्या विहिरीवर चढू देत नसत. ही गोष्ट आम्ही झाशीत कुणाला सांगितली नव्हती, सांगावी लागलीच नाही. असल्या गोष्टींचा लोकांना वास येतो.

शेजारच्या दुमजली घरात काकू राहायच्या, आमच्या घरमालकीण. त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या काळात कारभारासाठी इकडे आलेले. त्यांच्या मुला-नातवंडांना मराठी समजायची, पण उत्तर हिंदीतच यायचं. त्यामुळे मराठी बोलायला काकूंना हक्काची माणसं आम्हीच. भिंतीवरून तासन्‌तास बोलायच्या. पण आमच्या घरचं पाणीसुद्धा कधी त्यांच्या ओठाला लागलं नाही. नाताळच्या करंज्या नेल्या की म्हणायच्या, "ठेव हो ओट्यावर." ओट्यावरून त्या गाईच्या पोटात जायच्या, हे आम्हाला माहीत होतं. तरी आई दरवर्षी पाठवायची.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. राखेच्या बुधवारी आम्ही देवळातून कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आलो, तर काकू भिंतीवर हजर.

"आज कुठल्या महादेवाचा अंगारा गं?"

"उपवासकाळ सुरू झाला आमचा," आई म्हणाली. "ईस्टरपर्यंत काहीतरी सोडायचं असतं, काकू."

"अगं, तुमच्याकडे सोडायला आहे काय?"

लागलं. पण प्रश्न बरोबर होता. मटण सोडावं तर ते वर्षातून दोनदा. चहातली साखर आधीच सुटलेली. फादरांनी त्या दिवशी सांगितलं होतं की नुसतं आपलं पोट मारू नका, अनोळखी माणसासाठी काही सोडा. संध्याकाळी आई पाण्याच्या दोन निळ्या ड्रमांकडे बघत बसली आणि म्हणाली, "पाणी सोडू या."

पप्पा खाटेवरून म्हणाले, "म्हणजे माझी आंघोळ गेली."

"तुमची आधी गेली. हिचं केस धुणं नंतर."

झाशीत मार्चपासूनच ऊन चावायला लागतं. आईने दोन माठ आणले, ओल्या फडक्याने गुंडाळले, आमच्या दारासमोरच्या कडुलिंबाखाली ठेवले. वर झाकण, झाकणावर घासून चकचकीत केलेला स्टीलचा पेला. बस थांबते, उतारू उतरतात, पाणी समोरच आहे. ज्याला हवं त्याने घ्यावं.

कुणी घेतलं नाही. लोक माठांकडे बघायचे, आमच्या दाराकडे बघायचे आणि चौकातल्या खाऱ्या पाण्याच्या हँडपंपाकडे चालू लागायचे. संध्याकाळी माठ भरलेलेच. ते पाणी आम्ही झाडाला घालायचो, आणि सकाळी आपल्या तोंडचं काढून माठ पुन्हा भरायचो. आठवडा झाला. काकू भिंतीवरून म्हणाल्या, "कडुलिंब मात्र बरा पोसलाय तुमचा."

आई हसली नाही. ती काय विचार करत होती ते मला समजत होतं, कारण मीही तोच करत होते. पणजोबांची विहीर आमच्या मागून झाशीपर्यंत आली होती.

दुसऱ्या आठवड्यात मी दारात बसून परीक्षेचा अभ्यास करत होते. बरुआसागरहून पाटीत आलं घेऊन येणारी एक म्हातारी भाजीवाली सावलीला थांबली. पाटी उतरवली, माठाकडे बोट केलं.

"काए बिन्नू, जो पानी कीको आय?" तिने बुंदेलीत विचारलं, पोरी, हे पाणी कुणाचं?

"सबका है, अम्मा."

"सबको है, तो पियाउत को है?"

पाजतं कोण? मी म्हटलं, पेला ठेवलाय की, घ्या आपल्या हाताने. म्हातारी हसली. म्हणाली, अगं पोरी, ही काय प्याऊ झाली, पाणपोई झाली? प्याऊवर माणूस बसतं, "आओ, पानी पी लो" म्हणतं, वरून धार धरतं आणि आपण ओंजळीने पितो. बोलावणारं कुणी नाही तिथलं पाणी प्यायला आम्ही काय चोर आहोत? आम्हाला वाटलं, तुमच्या घरचे माठ गार व्हायला बाहेर ठेवलेत.

मी उठले. तांब्या भरला, ती उकिडवी बसली, ओंजळ तोंडाशी नेली आणि मी धार धरली. मला वाटलं, आता विचारेल, कोण तुम्ही? तिने विचारलं नाही. पोटभर प्यायली, ओला हात डोळ्यांवरून फिरवला, म्हणाली, "जियत रओ." आणि पाटी डोक्यावर घेऊन गेली.

आई कामावरून आल्यावर मी सगळं सांगितलं. म्हटलं, "आपल्याला इथली रीत माहीत नव्हती, एवढंच."

"मला माहीत होती," आई म्हणाली. "इस्पितळाच्या फाटकावर दर उन्हाळ्यात बघते मी. मुद्दाम पेला ठेवला. म्हटलं, कोण देतंय ते दिसायला नको. हात बघून कुणी तोंड फिरवलं तर मला सोसणार नाही गं."

पप्पा खाटेवरून ऐकत होते. मग म्हणाले, "मग पाणी कुठे सोडलंस? सोडायची होती ती भीती."

दुसऱ्या सकाळी आईने माठांजवळ स्टूल ठेवलं. कामावर जाण्याआधी ती बसायची, नंतर मी. मांडीवर पुस्तक, हातात तांब्या. "आओ भैया, पानी पी लो." पहिल्या दिवशी माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. चौथ्या दिवसापासून कंडक्टर बसमधूनच ओरडायचा, "बिन्नू, हमाओ नंबर लगा दो!" काहींनी विचारलंही, कौन लोग हो? मी सरळ सांगायचे, ख्रिस्ती आहोत, आमचे उपास चालू आहेत. एकदोघे न पिता गेले. बाकीचे ओंजळ धरायचे. तहान मोठी गोष्ट आहे.

गुड फ्रायडेला मात्र अडचण आली. बारा ते तीन देवळात, तिघांनाही जायचं होतं. आई त्या दिवशी तीन वाजेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही, कारण प्रभूला क्रुसावर तहान लागली होती. पप्पांना रिक्षात बसवलं, माठांवर झाकण ठेवलं आणि निघालो. माझं अर्धं लक्ष रस्त्याकडेच होतं.

परत आलो तर स्टुलावर काकू. हातात त्यांच्या देवघरातली तांब्याची झारी, समोर ओंजळ धरून बसलेले तिघे उतारू.

"कुठे उलथला होतात सगळे?" आम्हाला बघून त्या कडाडल्या. "बसवर बस येतेय, माणसं तुझ्या पोरीच्या नावाने ओरडतायत. आमच्या घरात झोप लागेना."

आई म्हणाली, "काकू, पाणी आमचं आहे."

"मग? आंधळी आहे का मी?" त्यांनी शेवटच्या उतारूची ओंजळ भरली. "आधी मी प्यायले, मग यांना दिलं. आपण न चाखता दुसऱ्याला पाजू नये."

पप्पा रिक्षातून म्हणाले, "म्हणजे काकू, येत्या नाताळच्या करंज्या गाईला नाहीत."

काकूंचं तोंड बघण्यासारखं झालं. "ठाऊक होतं होय रे तुला, मेल्या!" आणि मग त्याच आधी हसल्या. हसता हसता आईकडे वळल्या. "तू काय उभी? ओठ बघ कसे सुकलेत. वाजले ना तुझे तीन? बस."

आईने पदर सावरला, खाली बसली आणि ओंजळ पुढे केली. काकूंनी धार धरली.

त्या वर्षी प्याऊ ईस्टरला थांबली नाही, पाऊस येईपर्यंत चालली. त्यानंतरही दर राखेच्या बुधवारी माठ निघतात, आणि दुपारची पाळी काकूंची असते. बी.ए. मी पहिल्या श्रेणीत पास झाले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं, आणि हे मी मान वर करून सांगते. टँकर आला की आमचे डबे जिथे ठेवू तिथेच असतात. आणि आमच्या हातचं पाणी आता या रस्त्यावर सगळे पितात.